माळ्यावर कोण आहे?

मे महिन्यात मुंबई-ठाण्याहून कोकणातल्या गावी जाणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. वर्षभर बंद असलेल्या घराचे कुलूप निघते. आत कोंदट, उग्र वास. जमिनीवर लेंड्या पसरलेल्या, कौलांखाली ठोकलेल्या प्लायवर पिवळट डाग. पहिला दिवस झाडलोटीत जातो. रात्री दिवे मालवून सगळे आडवे होतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास डोक्यावर कोणीतरी चालू लागते. पावले जड असतात. एखादे कौल सरकते. मुले आईला बिलगतात. आजी अंधारातूनच म्हणते, "काय नाय, कांडेचोर असेल. निजा." सकाळी शेजारचे काका सल्ला देतात, "वर औषध ठेव रे. दोन दिवसांत आवाज बंद." आणि घरातला तरुण मुलगा उंदराच्या विषाची ट्यूब आणायला दुकानाकडे निघतो.

त्या मुलाला दारातच थांबवायला हवे. माळ्यावर प्राणी राहतो तेव्हा धोका असतोच; पण आपण त्याला घाईने मारतो, त्याची वाट रागाने बुजवतो आणि त्याची घाण कोरडीच झाडतो, तेव्हा तो धोका कितीतरी वाढतो. हे काम चार-सहा दिवसांचे आहे, खर्च फारसा नाही, पण क्रम चुकवून चालत नाही.

माळा कुणी सोडला?

पूर्वी कौलारू घराचा माळा रोजच्या वापरातला होता. भात, नाचणी, कांदे, नारळ, लाकूडफाटा सारे वर असे. कोणी ना कोणी दररोज शिडी चढे. खाली चूल पेटे आणि तिचा धूर वाशांमधून, कौलांमधून बाहेर पडे. माणसाची ये-जा आणि धूर यांमुळे माळ्यावर कोणी फार काळ बिऱ्हाड करत नसे. आता गॅस आला, आणि ते चांगलेच झाले; चुलीच्या धुराने आपल्या आया-आज्यांची फुप्फुसे आणि डोळे किती सोसत होते हे आपण पाहिले आहे. पण माळ्याची शिडी गेली. कौलांखाली प्लायचे किंवा पीव्हीसीचे छत आले आणि छत व कौले यांच्या मध्ये एक अंधारी, कोरडी, उबदार पोकळी तयार झाली. त्यात घर दहा-अकरा महिने बंद. झाडाच्या ढोलीपेक्षा ही जागा बरी, हे प्राण्याला कळायला वेळ लागत नाही.

आपण सोडलेली जागा त्याने घेतली, एवढेच घडलेले असते. म्हणून उपायही त्याच दिशेने करायचा: ती जागा त्याला गैरसोयीची करायची, त्याला जाऊ द्यायचे आणि मग वाट बंद करायची.

आधी ओळख, मग उपाय

रात्रीच्या आवाजाला काही घरांत अजूनही भूत, करणी असली नावे मिळतात आणि भगताकडे पैसे जातात. माळ्यावरचे घुबड दिसले तर घरावर संकट येणार म्हणून घबराट होते. खरे तर माळ्यावर राहणारे गव्हाणी घुबड रोज रात्री उंदीर खाते. घरासाठी त्याच्याइतका फुकटचा राखणदार नाही. आवाजाला शरीर असते, शरीराला विष्ठा असते, आणि विष्ठेवरून प्राणी ओळखता येतो.

बारीक, भराभर पळण्याचा आणि कुरतडण्याचा आवाज, साधारण एक सेंटीमीटर लांबीच्या टोकदार काळ्या लेंड्या, वाशांवर तेलकट काळपट पट्टे आणि लघवीचा दर्प असेल, तर तो घरातला उंदीर. तो उत्तम चढतो आणि दीड-दोन सेंटीमीटरच्या फटीतून आत येतो.

जड पावले, सरकलेली कौले आणि एकाच जागी साचलेली, फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा असेल, तर ते उदमांजर. आपल्याकडे त्याला कोणी कांडेचोर म्हणते, कोणी काळमांजर. वजन दोन ते पाच किलो, शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब. ते निशाचर आहे. फळे, उंदीर, किडे खाते. दिवसा झोपते आणि अंधार पडला की बाहेर जाते. माणसाच्या अंगावर ते आपणहून येत नाही. कोंडले, पकडले किंवा पिल्लांजवळ कोणी गेले तर मात्र कडाडून चावते.

संध्याकाळी छपराच्या कडेखालून एकामागून एक काहीतरी फडफडत निघाले आणि सकाळी भिंतीखाली उंदराच्या लेंड्यांसारखेच दाणे दिसले, पण काडीने दाबताच त्यांचा भुगा होऊन त्यात किड्यांच्या पंखांची चकाकी दिसली, तर त्या पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी छोटी वटवाघळे. त्यांना आत यायला बोटभर रुंदीची फट पुरते.

उंदीर असतील तिथे त्यांच्या मागावर सापही येतो. बहुतेक वेळा ती बिनविषारी धामण असते, पण नागही येऊ शकतो. म्हणून माळ्यावर अंधारात हात घालायचा नाही. आधी बॅटरीचा प्रकाश, मग काठी, मगच हात.

खात्री होत नसेल तर माळ्याच्या तोंडाशी किंवा भिंतीच्या वरच्या कडेवर चाळलेली राख पातळ पसरा. सकाळी पावलांचे ठसे मिळतील. तीन रात्री एवढे करा. घाई नको.

विष का नको

पहिले कारण घरातली मुले. बाजारात ट्यूबमध्ये मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये पिवळे फॉस्फरस असते. ते बिस्किटाला किंवा टोमॅटोला लावून ठेवतात. उंदीर तो तुकडा ओढत खाली आणतो आणि तो लहान मुलाच्या हाती लागतो. ट्यूब टूथपेस्टसारखी दिसते, म्हणून दात घासायला घेतल्याच्याही घटना डॉक्टरांनी पाहिल्या आहेत. या विषाची फसवी गोष्ट अशी, की सुरुवातीला उलट्या-पोटदुखी होते, मग एक-दोन दिवस मूल बरे वाटते, आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. त्यावर उतारा नाही. काळ्या-करड्या भुकटीत येणारे झिंक फॉस्फाईडही तितकेच घातक. पोटात गेल्यावर त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो आणि त्यावरही उतारा नाही. असे विष पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी मूल हसत-खेळत असतानाच, विषाचे पाकीट सोबत घेऊन, मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. 108 ला फोन करा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. दूध, तूप, तेल देऊ नका; पिवळे फॉस्फरस स्निग्ध पदार्थात विरघळते आणि शरीरात जास्त शोषले जाते.

दुसरे कारण पिसवा. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि पुढे पुण्यासह सगळीकडे पसरली. सावित्रीबाई फुले याच साथीत रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी गेल्या. त्या वेळी हा रोग माणसापर्यंत नेमका कसा पोहोचतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. 1898 साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले, की उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड पडलेले शरीर सोडून दुसऱ्या जिवंत अंगाकडे जातात आणि रोगही सोबत नेतात. आज आपल्या घरात प्लेग नाही, पण पिसवांची ही रीत बदललेली नाही, आणि त्या इतर तापांचे जंतूही वाहतात. डोक्यावर छतात उंदीर मेला की पिसवा खाली, अंथरुणावर येतात.

तिसरे कारण कुजणे. छताच्या पोकळीत मेलेला प्राणी सापडत नाही. दुर्गंधी कित्येक दिवस राहते, माश्या-किडे होतात. शिवाय विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर तेही मरते, म्हणजे उंदीर खाणारेच कमी होतात.

आणि चौथी गोष्ट कायद्याची. उदमांजर, नाग, धामण यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षण आहे. त्यांना मारणे, पकडून ठेवणे हा गुन्हा आहे. विनाकारण जीव घेऊ नये हे आपण शीलातून शिकतोच; इथे आरोग्याचा हिशेबही तेच सांगतो.

डांबराच्या गोळ्यांविषयीही एक शब्द. माळ्यावर मूठ-मूठ गोळ्या टाकल्याने प्राणी क्वचितच जातात, पण त्यांची वाफ खाली झोपणाऱ्यांच्या श्वासात जाते. ज्या मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या लाल पेशी या वाफेने फुटू शकतात. आणि माळ्यावर धूर करायला विस्तव नेणे तर साफ टाळा. सुके वासे आणि जुनी वायरिंग असलेल्या घरात ती आगीला हाक आहे.

बाहेर काढायचे कसे

आधी खाणे तोडा. धान्य पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवा. पिकते आंबे, फणस, केळीचे घड घरात उघडे टांगू नका. खरकटे रात्री अंगणात राहू देऊ नका. छपरावर टेकलेल्या फांद्या तोडा. झाड आणि छप्पर यांत दोन-तीन मीटर अंतर ठेवा.

मग गैरसोय करा. उदमांजराला अंधार आणि शांतता हवी असते. माळ्यावर तीन-चार दिवस दिवसा दिवा चालू ठेवा आणि रेडिओ लावून ठेवा. मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे नेते. तिला तेवढ्या रात्री द्या. पिल्लांचा बारीक आवाज येत असेल तर वाट अजिबात बंद करू नका. मादी बाहेर असताना भोक बुजवले तर पिल्ले आत उपाशी मरतात आणि मादी आत शिरण्यासाठी कौले उपसून काढते.

ये-जा कोणत्या भोकातून आहे हे पाहण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक भोकात वर्तमानपत्राचा चुरगळलेला बोळा सैल बसवा. तीन रात्री बोळा जागचा हलला नाही तर ते भोक वापरात नाही; ते पक्के बंद करा. असे करत करत शेवटचे एकच भोक ठेवा. त्यावर बाहेरून जाळीचा तुकडा फक्त वरच्या बाजूने ठोका, खालची बाजू मोकळी लोंबू द्या. आतला प्राणी ढकलून बाहेर जातो, पण बाहेरून त्याला आत येता येत नाही. दोन-तीन रात्री काहीच हालचाल नसेल तर तेही बंद करा.

पाकोळ्यांसाठीही हीच रीत, पण ऋतू पाहून. उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत त्यांची पिल्ले अंगाला चिकटलेली किंवा न उडणारी असू शकतात. त्यामुळे हे काम पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमारास करणे योग्य. तोपर्यंत प्लायच्या छतातल्या, दिव्यांच्या आणि पंख्याच्या हुकाभोवतीच्या फटी बंद करा, म्हणजे त्या निदान खोलीत येणार नाहीत.

उंदरांच्या बाबतीत मात्र भोके आधी बुजवा आणि उरलेल्यांसाठी पिंजरे किंवा चाप लावा. पिंजरा नेहमी हातमोजे घालूनच उचला.

बंद करताना कापूस, थर्माकोल, लाकडाच्या चिपा उपयोगाच्या नाहीत. उंदीर ते एका रात्रीत कुरतडतो. सिमेंटमध्ये फुटक्या काचा घालण्याची जुनी रीत चांगली आहे. मोठ्या जागांना अर्धा इंची वेल्डेड जाळी लावा. कोंबड्यांची पातळ जाळी टिकत नाही. भिंत आणि छप्पर जिथे भेटतात ती वाशांच्या टोकांची रांग, पन्हळीच्या मागची बाजू आणि केबल आत येते ती जागा विशेष तपासा.

उदमांजर जात नसेल, साप दिसला किंवा एखादा प्राणी अडकला असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. काठ्या घेऊन वाडी गोळा करू नका.

खरा धोका झाडूत

प्राणी गेला की घरातली बाई डोक्याला पदर बांधून झाडू घेते आणि वर चढते. इथेच सांभाळायचे आहे. सुक्या विष्ठेची धूळ उडते तेव्हा तिच्यासोबत जंतू श्वासात जातात. वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या जुन्या विष्ठेत वाढणारी एक बुरशी फुप्फुसात गेली की ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणे सुरू होते. हिस्टोप्लाज्मोसिस हे त्या आजाराचे नाव. त्याची लक्षणे क्षयरोगासारखी असल्याने निदान चुकू शकते. उंदराच्या लघवीतून लेप्टो होतो. ओल्या जागी ते जंतू टिकतात आणि हातापायांच्या जखमांतून शरीरात शिरतात.

म्हणून क्रम असा. आधी मेन स्विच बंद करा, कारण उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात. माळा आणि खिडक्या उघडून अर्धा तास वारा खेळू द्या. एन-95 मास्क, रबरी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद चपला किंवा बूट घाला. एक लिटर पाण्यात सुमारे 15 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर मिसळा. हे पाणी घाणीवर हलक्या हाताने फवारा, जोरात मारू नका. दहा मिनिटे भिजू द्या. मग ओल्या फडक्याने किंवा कागदाने उचलून दुहेरी पिशवीत भरा आणि खोल खड्ड्यात पुरा. उरलेली जागा पुन्हा त्याच पाण्याने पुसा. या पाण्यात ॲसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रव कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो. शेवटी मोजे काढण्याआधी साबणाने धुवा, मग हात धुवा, अंघोळ करा, कपडे गरम पाण्यात वेगळे धुवा.

छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे असेल तर त्याला घासू नका, भोके पाडू नका. त्यातल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. प्लायच्या छतावर पाय देऊ नका. ते माणसाचे वजन पेलत नाही. पाय नेहमी तुळईवर.

गरोदर स्त्री, दमेकरी, मधुमेही, क्षयरोगाचे औषध चालू असलेली व्यक्ती आणि मुले यांनी हे काम करू नये.

इथे आणखी एक गोष्ट बोलायला हवी. मेलेले जनावर उचलायचे, घाण काढायची, तर अमक्या वाडीतल्या माणसाला हाक मारा, ही गावाची जुनी सवय काही ठिकाणी अजून पूर्ण गेलेली नाही. ज्या कामांचा शिक्का आपल्या माथी मारला होता, ती आपल्या आजोबा-पणजोबांनी ठरवून नाकारली. पण आपणही दोनशे रुपये हातावर ठेवून एखाद्या गरीब मजुराला मास्कशिवाय माळ्यावर चढवतो, तेव्हा तेच करतो. काम कोणाकडून करून घेतले तरी मास्क, मोजे आणि पुरेसा मोबदला द्यायचा. आणि घरातले काम असेल तर ते फक्त आईचे किंवा सुनेचे कसे? शिडी पुरुषांनाही चढता येते.

चावा आणि ताप

उदमांजर, रानटी मांजर किंवा माकड चावले, नुसते ओरखडले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. रेबीजची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही लागते. ते मिळाले का, हे स्वतः विचारा. पहिले इंजेक्शन घेतल्यावर बरे वाटले म्हणून पुढचे डोस सोडू नका. वटवाघूळ किंवा उंदीर चावला तरी डॉक्टरांना दाखवा. लस लागेल की नाही ते ते ठरवतील. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही.

साफसफाईनंतर महिनाभर स्वतःकडे लक्ष ठेवा. ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत आणि कमरेत तीव्र दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे किंवा पिवळेपणा आला तर मेडिकलमधून गोळी घेऊन घरी बसू नका. डॉक्टरांना सांगा: "मी माळा साफ केला होता, तिथे उंदीर होते." हे एक वाक्य सांगितले नाही म्हणून साधा ताप समजून दिवस जातात, आणि लेप्टोमध्ये वाया गेलेले दिवस मूत्रपिंडाला महाग पडतात. वेळेत कळले तर साध्या प्रतिजैविकांनी तो बरा होतो.

कुलूप लावण्याआधी

सुट्टी संपते. बॅगा भरल्या जातात, आंब्यांच्या पेट्या बांधल्या जातात. त्या गडबडीत एक तास काढून शिडी लावा. माळा रिकामा आहे ना, जाळ्या घट्ट आहेत ना, एकही दाणा मागे राहिला नाही ना, हे पाहा. किल्ली वाडीतल्या विश्वासू माणसाकडे ठेवा आणि महिन्यातून एकदा दारे-खिडक्या उघडून, माळ्यावर बॅटरी मारून यायला सांगा. पुढच्या मे महिन्यात आजी निवांत झोपेल, मुलेही झोपतील.

कांडेचोर त्याच्या झाडावर बरा. पण त्यासाठी माळ्यावर अधूनमधून आपले पाऊल पडत राहायला हवे.